हायब्रिड गाडीचं खरं ॲव्हरेज तुम्हाला किती पडतंय? (आमच्या घरात भांडण लागलंय)

रेवती_डी
नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही हायब्रिड गाडी घेतली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर पाचव्या प्रतिसादापासून 'आमची भारी की तुमची भारी' सुरू होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला. पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटार दोन्ही असलेली, प्लग लावायची नाही, स्वतःची स्वतः चार्ज होणारी, स्ट्राँग हायब्रिड म्हणतात ती. एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी करणारी संस्था) आकडा पंचविसाच्या वर आहे. शोरूममधला मुलगा छातीठोकपणे म्हणालेला, "मॅडम, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बावीस-तेवीस कुठे जात नाही."
तर आमची सतरा देतेय. परवा टाकी फुल केली, ४१२ किमी झाले होते, २३.४ लिटर बसलं, म्हणजे १७.६. स्क्रीनवर मात्र १९.८ दाखवत होती. नवरा म्हणतो तुझा पाय जड आहे. मी म्हणते तू चालवतोस तेव्हा काही पंचवीस पडत नाही. सासूबाई म्हणतात जुनी गाडी काय वाईट होती.
तुमच्याकडे हायब्रिड असेल तर खरं ॲव्हरेज सांगा, स्क्रीनवरचं नको. आणि आमचं काय चुकतंय तेही सांगा.

निवांत_पाटील
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डिझेलदादा
ताई, सतरा तर माझी दहा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक झोपेत देते. हायवेला बावीस. उगाच बॅटऱ्या आणि मोटारी वाहून नेण्यात काय अर्थ आहे?

टाकीफुल
@रेवती, आधी मोजमाप बघू. तीन गोष्टी सांगा. पंपावर ऑटो कटला (टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतो तिथे) थांबवता की तो पोरगा 'राउंड फिगर करू का' म्हणत अजून लिटरभर कोंबतो? टायरमध्ये हवा शेवटची कधी भरली? आणि रोजचं अंतर किती?
पहिल्याचं कारण सांगतो. तेवीस लिटरमध्ये एक लिटर इकडचं तिकडे झालं तर ॲव्हरेज पाऊण किलोमीटरने हलतं. या वेळी कमी दिसलं तर पुढच्या टाकीला जास्त दिसेल. म्हणून एका टाकीवर घरात भांडू नका, निदान पाच टाक्यांची बेरीज करा, किलोमीटर आणि लिटर दोन्ही, मग भागाकार करा. पाच ॲव्हरेज काढून त्यांचं परत ॲव्हरेज काढायचं नाही, ते चुकतं.

रेवती_डी
@टाकीफुल, पकडलंत. राउंड फिगर करतोच तो, आणि मीच 'करा' म्हणते, सुट्ट्याची सवय अजून जात नाही, यूपीआय असूनसुद्धा. हवा... सर्व्हिसिंगला भरली असेल बहुतेक. अंतर: डहाणूकर कॉलनी ते लॉ कॉलेज रोड, चारेक किमी. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. शनिवार-रविवार कुठे गेलो तर.

चौथा_गिअर
चार किमी! हे घ्या तुमचं उत्तर. बाकी सगळं किरकोळ.
गार इंजिन सुरू झालं की बॅटरी भरलेली असो नसो, ते थोडा वेळ चालूच राहतं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर साफ करत नाही, म्हणून आधी त्याला तापवायचं, तेल-कूलंट गरम करायचं. यात पेट्रोल जातं आणि गाडी त्या मानाने हलत नाही. हायब्रिडची खरी मजा असते ती इंजिन बंद ठेवून चालण्यात, आणि ते सुख तुम्हाला नळस्टॉपच्या आसपास मिळायला लागतं तोवर ऑफिस आलं. संध्याकाळी परत गार इंजिन. म्हणजे दिवसातून दोनदा तुम्ही चहाचं आधण ठेवताय आणि उकळी आली की गॅस बंद करताय.
माझं रोजचं वाकड ते खराडी, वीस-बावीस किमी, पूर्ण रडकं ट्रॅफिक. टाकी टू टाकी २१ ते २२. पहिल्या पाच किमीला स्क्रीनवर १४-१५ दिसतं, मग चढत जातं.

कोकण_कन्या
आमच्या अर्टिगावर पण मागे हायब्रिड लिहिलंय की. ती सोळा देते. मग ती पण चुकीची चालवतोय का आम्ही?

चौथा_गिअर
@कोकण_कन्या, तुमची माइल्ड हायब्रिड. तिच्यात स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हात देतो, सिग्नलला इंजिन बंद करून पटकन चालू करतो, पण एकट्याने गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळी दणकट मोटार असते, ती कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी चालवते. नावात हायब्रिड असण्यावर जाऊ नका, किमतीवरून कळतं कुठली कुठली ते :)

अभ्यासू_अण्णा
थोडी माहिती देतो. एआरएआयचे आकडे असे आहेत: हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला २७.९७, इनोव्हा हायक्रॉसला २३.२४, होंडा सिटी हायब्रिड २०२२ ला आली तेव्हा २६.५. हे खोटे नाहीत, पण ते कसे काढतात ते बघा. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत, प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, मध्ये थांबायचं. त्या तक्त्यात सगळ्यात जास्त वेग ताशी ९० किमी, तोही थोडाच वेळ. एसी बंद. खड्डे नाहीत, चढ नाही, मागे पाच माणसं आणि लग्नाच्या बॅगा नाहीत. वारंवार थांबणं आणि कमी वेग हे हायब्रिडला आवडतंच, त्यामुळे या परीक्षेत ती वर्गात पहिली येते. साध्या पेट्रोल गाडीचाही आकडा रस्त्यावर वीस-पंचवीस टक्के घसरतो, फक्त अठराचा चौदा झाला तर कुणी धागा काढत नाही, अठ्ठावीसचा एकवीस झाला की काढतात.

निवांत_पाटील
अण्णा, शेवटचं वाक्य फ्रेम करून घ्या.

मुंबई_पुणे_मुंबई
माझा अनुभव उलटा आहे. सगळे म्हणतात गाडी हायवेला जास्त देते, माझी शहरात जास्त देते. ठाण्यात, घोडबंदर रोडच्या जॅममध्ये २२-२३. एक्सप्रेसवेला शंभरवर क्रूझ लावली की १८-१९. सुरुवातीला वाटलं गाडीत काहीतरी गडबड आहे, सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी 'सर नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवली.

चौथा_गिअर
नॉर्मलच आहे. जॅममध्ये साधी गाडी उभ्या-उभ्या पेट्रोल जाळते, हायब्रिड जाळत नाही, आणि ब्रेक मारताना जी ताकद एरवी ब्रेक पॅड तापवण्यात जाते तिच्यातली बरीच परत बॅटरीत येते. एक्सप्रेसवेला ब्रेकच मारत नाही तर परत काय येणार? तिथे इंजिन सतत चालू आणि वाऱ्याशी कुस्ती. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलं की तो दीडपटीहून जास्त. एकदा ८०-८५ ने जाऊन बघा.

मुंबई_पुणे_मुंबई
एक्सप्रेसवेवर ८० ने? मागचा हेडलाइट मारून मारून आंधळा करेल.

डिझेलदादा
म्हणजे हायवेला फायदा नाही, चार किमीला फायदा नाही. फायदा फक्त घोडबंदर रोडवर. मग जाहिरातीत तसं लिहा.

न्यूजर्सीचा_नाना
'हायवेला जास्त देते' याच्या इथे बरोबर उलट सांगतात बघा. माझ्याकडे २०१० ची प्रियस आहे, टोयोटाची हायब्रिड, अजून चालतेय. इथल्या ईपीएच्या (अमेरिकेतलं सरकारी पर्यावरण खातं) स्टिकरवरच शहर ५१, हायवे ४८ मैल प्रति गॅलन असं होतं, म्हणजे शहरात जास्त हे सरकारनेच छापलेलं. एकत्रित ५०, आपल्या हिशेबात साधारण सव्वाएकवीस किमी लिटरला. उन्हाळ्यात मला तेवढं पडतं, कधी जास्तच.
पण थंडीत! जानेवारीत सरळ ४०-४१ वर येतं, म्हणजे सतरा. कारण गाडीतला हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. बाहेर उणे दहा असताना मला गरम हवा हवी तर गाडीला इंजिन चालू ठेवावंच लागतं. बायको हीटर २४ वर ठेवते, मी १९ वर आणतो, आमचं भांडण रेवतीताईंच्या उलट्या ऋतूत चालतं.
बॅटरीचं विचाराल म्हणून आधीच सांगतो: पंधरा वर्षं झाली, तीच आहे. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी एक जाळी असते ती साफ ठेवा. आमच्या कुत्र्याचे केस त्यात अडकायचे. लोक त्या जाळीसमोर पिशव्या ठेवतात, तेही करू नका.

सातारी_कंदी
नाना, पुण्यात उणे दहा होत नाही पण मे महिन्यात बेचाळीस होतं. एसीचं काय?

न्यूजर्सीचा_नाना
एसी विजेवर चालतो, इंजिनाला पट्टा नाही. म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते, ही चैन. पण वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. उभी गाडी, एसी चालू, बॅटरी उतरली की इंजिन चालू होऊन ती भरतं, परत बंद, परत चालू. कान देऊन बसलात तर कळतं.

कोकण्या
जरा वेगळा मुद्दा. मागच्या महिन्यात ताम्हिणीतून माणगावला उतरत होतो. घाट संपायच्या आत बॅटरी फुल दाखवली आणि त्यानंतर इंजिन असं बोंबलायला लागलं की बायको म्हणाली गाडी बाजूला घ्या. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता हो! उतारावर इंजिन कशाला ओरडतंय? घाबरून न्यूट्रल टाकणार होतो.

अभ्यासू_अण्णा
न्यूट्रल अजिबात टाकू नका, घाटात तर नाहीच, कुठलीच गाडी असो. ओरडणं बरोबर आहे, सांगतो का ते.
बोरघाटाचा हिशेब करू. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण पाचशे मीटर खाली येतो. माणसं धरून गाडी दीड टनाची. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आलं की सुमारे दोन युनिट वीज होईल एवढी ऊर्जा सुटते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरच्या घर्षणात जाते. आता हायरायडर किंवा ग्रँड विटाराची बॅटरी केवढी? ०.७६ युनिट. इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटची असते, ही म्हणजे त्यापुढे वाटी. शिवाय आयुष्य वाढावं म्हणून ती पूर्ण रिकामी आणि पूर्ण काठोकाठ करतच नाहीत. त्यामुळे अर्ध्या घाटात वाटी भरते. उरलेली ऊर्जा कुठेतरी घालवायला हवी, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येईल. म्हणून गाडी मोटारीकडून इंजिन नुसतंच फिरवते, पेट्रोल न टाकता. तो आवाज म्हणजे इंजिन ब्रेकिंग. पेट्रोल जळत नाही त्यात, बायकोला सांगा.
गिअर लिव्हरवर 'बी' असेल तर उतारावर तो टाका. ब्रेक वाचतील.

कोकण्या
धन्यवाद अण्णा. वाचून दाखवलं. ती म्हणाली 'मग आधी शोरूममध्ये का नाही सांगितलं?' याला उत्तर नाही.

सीएनजी_संत
सगळं वाचलं. माझी सीएनजी २६ देते किलोला, आणि किलो पेट्रोलपेक्षा स्वस्त. विषय संपला.

मुंबई_पुणे_मुंबई
@सीएनजी_संत, हा प्रतिसाद तुम्ही पंपाच्या रांगेत उभं राहून टाइप केलात ना?

सीएनजी_संत
हो. पुढे अजून अकरा रिक्षा आहेत.

हिशोबी_हेमा
ॲव्हरेजचं कौतुक चाललंय पण पैशाचं कोणी बोलत नाहीये. आम्ही गेल्या वर्षी हाच हिशेब मांडला होता. त्याच गाडीचं साधं पेट्रोल ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यात ऑनरोड सव्वादोन लाखाचा फरक पडत होता. पेट्रोल १०४ धरलं. साधी १४ देते, हायब्रिड २०, तर किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे विरुद्ध ५ रुपये २०. वाचले सव्वादोन रुपये. म्हणजे फरक वसूल व्हायला लाखभर किलोमीटर हवेत. आमचं वर्षाचं रनिंग आठ हजार. बारा-तेरा वर्षं! साधी घेतली आणि उरलेल्या पैशात स्वयंपाकघर नवीन केलं.

चौथा_गिअर
@हिशोबी_हेमा, हिशेब बरोबर, पण तुमच्यापुरता. माझ्या वाकड-खराडीला साधी ऑटोमॅटिक अकराच्या वर जात नव्हती, आधीची गाडी होती, लिहून ठेवलंय. हायब्रिड एकवीस. तिथे किलोमीटरला साडेचार रुपये वाचतात, पन्नास हजार किमीत वसूल, माझं वर्षाचं तेरा-चौदा हजार आहे. शिवाय जॅममध्ये आवाज नाही, गिअरचा हिसका नाही, त्याचे पैसे तुम्ही धरलेच नाहीत. संध्याकाळी घरी येऊन माणसासारखं बोलतो असं घरचे म्हणतात.

हिशोबी_हेमा
घरच्यांचा तो मुद्दा एक्सेलमध्ये बसत नव्हता :) आणि आपल्याकडे यूपीने दिली तशी सवलतही नाही. त्यांनी २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, आपण पूर्ण आरटीओ भरतो.

विजू_ईव्ही
रोज चार किमी आणि हायब्रिड? ताई, तुम्हाला ईव्ही हवी होती. गार इंजिनाची भानगडच नाही.

रेवती_डी
@विजू_ईव्ही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर लावायचा ठराव तीन मीटिंगपासून 'पुढच्या सभेत चर्चेस घ्यावा' या अवस्थेत आहे. तो विषय काढू नका, बीपी वाढतं.

निवांत_पाटील
सोसायटी मीटिंगवर वेगळा धागा काढा, हायब्रिडपेक्षा जास्त चालेल.

सातारी_कंदी
ई२० चा कुणी उल्लेख केला नाही अजून? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की ॲव्हरेज पडणारच.

अभ्यासू_अण्णा
पडतं, पण सगळं खापर त्यावर नको. नीती आयोगाच्याच अहवालात होतं: ई२० साठी जुळवलेल्या नव्या गाडीत एक-दोन टक्के, जुन्या बनावटीच्या चारचाकीत सहा-सात टक्के घट. रेवतीताईंची गाडी या वर्षीची आहे. ऊर्जेच्या हिशेबाने दोनापेक्षा जास्त घट धरली तरी पंचविसाचा सतरा इथेनॉलमुळे होत नाही.

डिझेलदादा
डिझेलमध्ये इथेनॉल नाही. एवढंच म्हणतो आणि थांबतो.

चौथा_गिअर
दादा, तुमची दहा वर्षं जुनी आहे म्हणून सुखात आहात. आजची बीएस-६ डिझेल घेऊन रोज चार किमी चालवा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने तुंबेल आणि मग 'जरा हायवेला फिरवून आणा' असा दिवा लागेल.

डिझेलदादा
ते मात्र खरंय. मेहुण्याचं तेच झालं, दर महिन्याला गाडी फिरवायला शिरवळपर्यंत जातो. वडापाव खातो आणि परत येतो.

गायत्री_जे
चालवण्याची एक युक्ती माझ्याकडून. सिग्नल लांबून लाल दिसला की ॲक्सिलरेटर तिथेच सोडायचा आणि ब्रेक हलका, लांबवर. जोरात दाबला की खरे ब्रेक लागतात आणि वीज कमी परत येते. आणि एक, सुटताना फार हळू सुटू नका. मी आधी बॅटरीवरच चालावं म्हणून मुंगीच्या पावलांनी सुटायचे, मागचे शिव्या घालायचे आणि बॅटरी संपून इंजिन पुढे जास्त वेळ चालायचं. आता इंजिन चालू होऊ देते, पटकन पन्नासला नेते, मग पाय उचलते, इंजिन बंद होतं आणि गाडी सरकत राहते. दीडेक किमीचा फरक पडला मला.

रेवती_डी
दोन महिन्यांनी परत आलेय, धागा वर काढते. टाकीफुल यांनी सांगितलं तसं केलं. पंप एकच, ऑटो कटला थांबायचं, राउंड फिगर बंद (तो मुलगा अजून नाराज आहे). पाच टाक्या: २,०३६ किमी, १०४.२ लिटर. म्हणजे १९.५.
हवा तपासली तेव्हा दोन टायर २६ वर होते, दारावर लिहिलंय ३३. एवढ्याने काय होतं असं वाटायचं मला.
आता मुख्य शोध. ट्रिप मीटर ए मी घेतला, बी नवऱ्याला दिला, प्रत्येकाने आपापला शून्य करायचा. माझं ऑफिसचं १६.८ येतं, ते चार किमीचं दुखणं, कबूल. त्याचं चौदा येत होतं! तो गाडी फक्त लेकीला कथकच्या क्लासला सोडायला-आणायला नेतो, आठवड्यातून दोनदा. कसं काय चौदा? मग एकदा मी सोबत गेले. महाशय पाऊण तास क्लासच्या बाहेर गाडीत एसी लावून मोबाईलवर मॅच बघत बसतात. "इंजिन कुठे चालू आहे? हायब्रिड आहे ना, फुकट आहे." नाना म्हणाले तसं कान देऊन बसले. दर काही मिनिटांनी इंजिन चालू, बंद, चालू.
सातारला गेलो तेव्हा ८० च्या आसपास ठेवली होती, खंबाटकी धरून येऊन-जाऊन २३ पडलं. ते मीच चालवत होते.

निवांत_पाटील
म्हणजे जड पाय नव्हता, जड बूड होतं.

हिशोबी_हेमा
आठवड्याला दीड तास उभी गाडी. तासाला अर्धा लिटर धरलं तरी आठवड्याला पाऊण लिटर, तेही एक किमी न हलता. तुमच्या आठवड्याच्या रनिंगमधले पंधरा किमी तिथेच गेले.

टाकीफुल
@रेवती, छान मोजलंत. १९.५ ला स्क्रीन किती म्हणते?

रेवती_डी
२१.१. नवरा तोच आकडा सगळ्यांना सांगतो.

टाकीफुल
आठ टक्के जास्त. माझीही सात-आठच जास्त दाखवते. हिशेबात तेवढे कायम वजा करत जा.

नवीन_सभासद_४१
सगळा धागा वाचला. माझं आठवड्यातून एकदा पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन, बाकी गाडी उभी. हायब्रिड घ्यावी का?

चौथा_गिअर
किती वेगाने जाता?

नवीन_सभासद_४१
११०.

डिझेलदादा
या, बसा.